बोलणं तुटक झालं म्हणजे आजार आला का?

वाचकांचे प्रश्न : मनाचं आरोग्य

भास, संशय आणि विस्कळीत विचार असलेल्या स्किझोफ्रेनिया या मनोविकाराकडे झुकणारा स्वभाव (याला स्किझोटायपी म्हणतात) आणि रोजचं बोलणं यांचा संबंध काय, याबद्दल आलेल्या पत्रांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर आटोपशीर केला आहे.

प्रश्न : पुतण्या वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बोलता बोलता या विषयावरून त्या विषयावर उडी मारतो, मधेच स्वतःचे शब्द बनवतो. इंटरनेटवर 'स्किझोटायपी'ची ७४ प्रश्नांची चाचणी सोडवली, ४३ गुण आले. घरातले सगळे हबकलेत. हा स्किझोफ्रेनियाच ना? – सांगली

उत्तर : नाही. ४३ या आकड्यावरून कसलंच निदान होत नाही.

ही प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी १९९१ मध्ये तयार केली. उत्तरं हो-नाही अशी, विभाग नऊ: आपल्यालाच उद्देशून काही चाललंय असं वाटणं, लोकांत भीती, अद्भुत गोष्टींवर विश्वास, विचित्र इंद्रियानुभव, विक्षिप्त वागणं, जवळचे मित्र नसणं, विचित्र बोलणं, भावना चेहऱ्यावर न दिसणं आणि संशय. मूळ अभ्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला. त्यात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या १० टक्के मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ५५ टक्क्यांना स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं. म्हणजे वरच्या टोकाच्या मुलांपैकीही जवळपास निम्मी सुटली. शिवाय हा व्यक्तिमत्त्व विकार वेगळा आणि स्किझोफ्रेनिया वेगळा.

एकूण बेरीज बघण्यात दुसरीही फसगत आहे. लोकांत भीती (८ प्रश्न), जवळचे मित्र नसणं (९) आणि भावना न दिसणं (८) या तीनच विभागांत २५ गुण जमतात. लाजाळू, एकलकोंडा, हॉस्टेलवर न रमलेला मुलगा तेवढे सहज मिळवेल. त्यामुळे कोणत्या विभागात किती गुण पडले ते आधी बघा. 'अद्भुत विश्वासा'च्या गुणांकडे तर आपल्याकडे जास्तच सावधपणे बघायला हवं. नजर लागते असं मानणं, देवाला कौल लावणं, अंगात येतं यावर विश्वास असणं, हे घरादारात सगळेच मानत असतील तर त्याला लक्षण म्हणता येत नाही. आजूबाजूच्या कुणालाच न पटणारी, फक्त त्याची एकट्याची समजूत असेल तर ती मोजायची.

आता बोलण्याकडे येऊ. उड्या मारणं तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिलं पाल्हाळ: वळसे घेत घेत माणूस शेवटी मूळ उत्तरावर येतो. हे कुणाच्याही घरात सापडेल. दुसरं, विचारलं त्याला बगल देऊन भलतंच उत्तर देणं. तिसरं घसरणं: 'कॉलेजला बसनं जातो. बस लाल असते. लाल रंग मंगळाचा, म्हणून मंगळवारी माझं पोट बिघडतं.' इथे एकेक वाक्य सुटं घेतलं तर समजतं, पण दोन वाक्यांमधला सांधा फक्त बोलणाऱ्याच्याच मनात आहे, आणि तो परत मूळ विषयाकडे येतही नाही. बोलण्यातल्या अशा बिघाडांची १८ प्रकारांची यादी मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी १९७९ मध्ये केली. यातले बरेच प्रकार उन्मादाच्या म्हणजे मेनियाच्या रुग्णांत दिसतात, आणि सौम्य रूपात निरोगी माणसांतही. घसरणं दिसलं की स्किझोफ्रेनिया, हे समीकरण त्याच वेळी मोडीत निघालं.

धोक्याचा अंदाज हवा असेल तर असा: सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी; आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर दहात एकाच्या जवळपास. भास-संशयासारखे हलके अनुभव लोकसंख्येत सुमारे ७ टक्के माणसांना येतात आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांचे ते पुढे ओसरतात. पुतण्याबाबत तीनच गोष्टी तपासा: हे बोलणं शाळेपासून असंच आहे की सहा-आठ महिन्यांतलं, त्याचे विषय राहू लागलेत का, आणि 'समजलं नाही, परत सांग' म्हटल्यावर तो दुरुस्त करून सांगू शकतो का. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. विचारल्यावर नीट सांगता येत असेल आणि बाकी गाडी रुळावर असेल, तर चाचणीचा कागद बाजूला ठेवा.

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी 'स्किझोटायपीचे गुण आणि रोजच्या मराठी बोलण्यातले आकृतिबंध' हा विषय घेतेय. नमुना ४० विद्यार्थ्यांचा आहे. बोलणं संगणकावर मोजायचा विचार आहे. काय सांभाळावं? – पुणे

उत्तर : आधी ४० वर थांबू नका. निरोगी विद्यार्थ्यांत असे संबंध बारीक असतात. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात तो आकडा) ०.३ धरला तरी तो ८० टक्के खात्रीनं पकडायला ८५ जण लागतात, ०.२ धरला तर १९४. चाळीस जणांत काही 'सापडलं' तर ते योगायोगानं सापडलेलं असण्याचीच शक्यता मोठी. न्यूयॉर्कच्या २०१५ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात संगणकानं कुणाला पुढे आजार होणार हे अचूक ओळखलं, असं सगळीकडे छापून आलं. तो अभ्यास धोक्याच्या पातळीवरच्या ३४ तरुणांचा होता आणि त्यांतले आजारी पडले फक्त पाच. कल्पना चांगली, पण पाच जणांवर इमला उभा राहत नाही.

दुसरा सापळा प्रश्नावलीतच आहे. वरच्या उत्तरातली ७४ प्रश्नांची चाचणी वापरणार असाल तर 'विचित्र बोलणं' या विभागाचे ९ प्रश्न बेरजेतून वगळून हिशोब पुन्हा करा. 'लोक म्हणतात माझं बोलणं गोंधळाचं असतं' याला हो म्हणणारा गोंधळाचं बोलतो, हा काही शोध नव्हे. नऊ विभागांचे विस्कळीतपणा, अलिप्तपणा आणि विचित्र अनुभव हे तीन गट वेगवेगळेच ठेवा. भरकटणं आणि धूसर उल्लेख (कुणाबद्दल बोलणं चाललंय ते न कळणं) यांचा संबंध मुख्यतः पहिल्या गटाशी लागतो, कमी बोलणं आणि सपाट आवाज यांचा दुसऱ्याशी. तिसऱ्याचा बोलण्याशी संबंध सगळ्यांत कमी भरवशाचा. तिन्हींची बेरीज केली की संबंध एकमेकांना खाऊन टाकतात. आणि न वाचता टिकमार्क करणारे हुडकायला अधूनमधून दोन-चार अशक्य प्रश्न टाका, ज्यांना कुणी खरोखर हो म्हणूच शकत नाही.

रेकॉर्डिंगला प्रत्येकाकडून निदान तीन नमुने घ्या: चित्राचं वर्णन, एक-एक मिनिटाची चार-पाच चित्रं, कालचा दिवस कसा गेला, तीन मिनिटं, आणि नावडता किंवा ताणाचा प्रसंग, पाच मिनिटं. तिसरा टाळू नका. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी डोचर्टी यांनी रुग्णांवर केलेल्या कामात अप्रिय विषय निघाला की उल्लेखांचा गोंधळ वाढतो असं दिसलं होतं. मध्ये प्रश्न विचारू नका, नुसतं 'आणखी?' म्हणा, प्रत्येक वेळी तोच शब्द. कॉलर माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, फाइल वेव्ह स्वरूपात. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर विरामांचं मोजमाप करू नका. आवाज दाबला जातो, फोनची गोंगाट कमी करण्याची सोय शब्दांची टोकं खाते आणि मग विराम खोटे लांबतात. विराम किती लांबीचा धरायचा हे आधी ठरवा. २५० मिलिसेकंद ही मर्यादा रूढ आहे.

खरंखुरं रोजचं बोलणं हवं असेल तर अंगावर बाळगायचं रेकॉर्डर वापरतात. मानसशास्त्रज्ञ मॅथियस मेल आणि जेम्स पेनेबेकर यांच्या २००१ च्या मूळ पद्धतीत ते दर १२ मिनिटांनी ३० सेकंद आपोआप चालू होतं. पण त्यात आई, रूममेट, रिक्षावाला सगळेच येतात. आचारसमितीची परवानगी, अंगावर दिसेल असा बिल्ला आणि तुम्ही ऐकण्याआधी सहभागी व्यक्तीला नको तो तुकडा पुसायची मुभा, एवढं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एम.ए.च्या वेळात ते बसवणं कठीणच आहे.

लिप्यंतर करताना 'म्हणजे', 'ते आपलं', 'काय म्हणतात त्याला' हे सगळं जसंच्या तसं ठेवा. टंकलेखकानं वाक्यं सुधारली की तुमचा विषयच पुसला गेला. एका मिनिटाच्या बोलण्याला पाच ते आठ मिनिटं लागतील, तो वेळ आधीच धरा.

मोजणी. डोचर्टी यांची पद्धत हातानं करायची आहे, पण आमच्या मते मराठीसाठी आज तीच सर्वांत भक्कम. ऐकणाऱ्याला कुणाबद्दल, कशाबद्दल बोलणं चाललंय हे कुठे कळत नाही ते शोधायचं आणि दर १०० शब्दांमागे मोजायचं. नमुना बघा: 'काल त्यांच्याकडे गेलो. तो म्हणाला, ते नको. मग तिनं ते ठेवलं.' आधी कुणाचंच नाव आलेलं नसेल तर 'त्यांच्याकडे', 'तो', पहिलं 'ते', 'तिनं', दुसरं 'ते' असे पाच अस्पष्ट उल्लेख झाले. 'गेलो' स्पष्ट आहे, क्रियापदच सांगतं की बोलणारा गेला.

इथे मराठीची खोच कळते. आपण कर्ता सर्रास गाळतो आणि त्यात काही बिघडत नाही. मात्र भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'चहा केला, कप धुतले' यात केला कुणी, ते क्रियापदावरून कळत नाही. म्हणून नियम लिहून ठेवा: मागच्या दोन वाक्यांत त्या जागी बसणारी एकच व्यक्ती असेल तर उल्लेख स्पष्ट धरायचा, दोन असतील तर अस्पष्ट. 'ते आले' यातले 'ते' वडील आहेत की चार मित्र, तेही संदर्भावरूनच ठरवायचं. इंग्रजीसाठी केलेली 'मी'ची मोजणी मराठीत आणलीत तर फसाल. 'गेलो', 'बसलो', 'आलो' यांत 'मी' आहेच, फक्त शब्द नाही. न्यूयॉर्कच्या त्याच अभ्यासातलं एक मोजमाप इंग्रजीतल्या निर्देशक शब्दांवर उभं आहे. ते आपल्याकडे नुसतं भाषांतर करून चालत नाही.

संगणकी मोजमापं करायचीच असतील तर दोन आहेत. एकात लागोपाठच्या वाक्यांचं अर्थसाम्य काढतात. त्यात 'हो', 'बरं', 'नाही ना' असली तोकडी वाक्यं नुसता गोंधळ घालतात, आणि एकच गोष्ट घोळवत बसणारा माणूस उलट फार सुसंगत ठरतो. 'घरासमोरच्यांना' हा मराठीत एक शब्द, म्हणून प्रत्यय तोडल्याशिवाय आकडे काढू नका. दुसरं मोजमाप ब्राझीलमध्ये संशोधक नतालिया मोटा आणि सहकाऱ्यांनी रुळवलं: प्रत्येक शब्द एक बिंदू, त्यानंतरचा शब्द दुसरा बिंदू, मध्ये रेघ, आणि मग सगळं जाळं किती जोडलेलं आहे ते बघायचं. जास्त बोलणाऱ्याचं जाळं आपोआप मोठं होतं. म्हणून ३० शब्दांची खिडकी एकेक शब्दानं सरकवत मोजतात आणि सरासरी घेतात. हे विसरलात तर तुम्ही फक्त बडबड मोजली.

दोन परीक्षक ठेवा, त्यांना सहभागींचे गुण माहीत नसावेत, आणि निदान २० टक्के नमुने दोघांनीही तपासावेत. शब्दसंपत्ती, चिंता आणि झोप यांची नोंद असू द्या. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलू द्या. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुण्याच्या खोलीत बसवून 'शुद्ध' बोलायला लावलंत, तर तो अडखळेल, थांबेल, कमी बोलेल आणि तुमच्या तक्त्यात त्याचा अलिप्तपणा वाढलेला दिसेल.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची. एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. मित्रमैत्रिणींत तर निम्मे शब्द आम्हाला कळतच नाहीत. हा विचारांचा गोंधळ म्हणायचा का? – ठाणे

उत्तर : तिच्या मैत्रिणींना कळतं ना? मग नाही. भाषा मिसळतानाही तिचं व्याकरण जागेवर असतं आणि वाक्य पूर्ण होतं. गटात चालणारा नवा शब्द आणि फक्त एकाच माणसाला अर्थ माहीत असलेला शब्द यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

प्रश्न : भाऊ तेवीस वर्षांचा, हिंजवडीला नोकरी, एकटा राहतो. आधी पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज करायचा. गेले चार-पाच महिने 'हो', 'बघू', 'ठीक' एवढंच. आवाज एकसुरी, उत्तराआधी लांब थांबतो. परवा म्हणाला, ऑफिसातले त्याच्या टाइपिंगच्या आवाजावरून एकमेकांना खुणा करतात. त्याला डॉक्टरकडे कसं न्यावं? त्याचे फोन गुपचूप रेकॉर्ड करून दाखवू का? – रत्नागिरी

उत्तर : या पानावरच्या पाच पत्रांत आम्हाला तातडीचं वाटलं ते हे पत्र. वर ज्याला स्वभाव म्हटलं तो वर्षानुवर्षं तसाच असतो. तुमच्या भावाचं बोलणं मात्र बदललंय, आणि त्याच्या जोडीला संशय आलाय. वयही तेच, पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आत-बाहेर सुरू होतो. तरी आपण घरात निदान करू नये. नैराश्य, गांजा, झोपेचा बट्ट्याबोळ, थायरॉइड, आकडी यांतही बोलणं आटतं. तपासणी लागते ती यासाठीच. ती लांबवायची मात्र नाही. उपचाराविना गेलेला काळ जितका जास्त, तितकी सुधारणा अवघड होते.

गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. आधीच संशय असलेल्या माणसाला ते सापडलं तर त्याचा संशय तुम्हीच खरा केलात, मग तुमच्यावरचा उरलासुरला भरवसाही जाईल. त्याऐवजी वहीत तारखा लिहा: काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, किती तास झोपतो, जेवतो का, कामावर जातो का, पैसे कसे खर्च होतात. डॉक्टरांसमोर 'विचित्र बोलतो' याला काही किंमत नाही. टाइपिंगच्या खुणांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलंत तर आहे. त्यानं तुम्हाला आपणहून पाठवलेले जुने आणि नवे मेसेज जपून ठेवा, त्यातला फरक ऐकूनच कळेल.

त्याच्याशी वाद घालू नका, 'हो रे, करत असतील खुणा' असंही म्हणू नका. 'झोप उडालीय, त्रास होतोय, ते दाखवून घेऊ' या दारानं शिरा. झोपेची तक्रार बहुतेकांना मान्य असते. समोरासमोर जा, फोनवर हे होत नाही. पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची घ्या. येत नसेल तर तुम्ही एकट्यानं जाऊन बोलू शकता. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. कानात आज्ञा देणारे आवाज, मरण्याची भाषा, कुणाला इजा करण्याची भाषा किंवा जेवण-पाणी सोडणं, यातलं काहीही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार एरवी सज्ञान माणसाची संमती लागतेच. ती देण्याच्या अवस्थेत तो नसेल आणि धोका खरा असेल, तर कलम ८९ प्रमाणे दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. नातेवाइकांनी हातपाय बांधून नेण्याची मुभा त्या कायद्यात नाही.

प्रश्न : वय २६. 'तू काय बोलतोस कळत नाही' हे लहानपणापासून ऐकतोय. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून आजार नाही, स्वभावाची ठेवण आहे असं सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत मात्र दर वेळी अडतं. गोळी घेऊन बोलणं सुधारतं का? – नागपूर

उत्तर : केवळ बोलण्यासाठी मनोविकाराची गोळी घेऊ नका. सुस्ती, वाढणारं वजन, अंग आखडणं असे तिचे त्रास आहेत, आणि सुस्तावलेला माणूस मुलाखतीत आणखी कमी बोलतो.

अशा बोलण्यात अडतं ते शब्दांवाचून नव्हे. बोलताना आपल्याला दोन हिशोब एकदम ठेवावे लागतात: मला काय सांगायचंय, आणि समोरच्याला आतापर्यंत काय माहीत झालंय. दुसरा सुटतो. तो बाहेरून धरून ठेवता येतो. फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा, विषय मुलाखतीतलाच घ्या, मागच्या कामाची माहिती वगैरे. ते कागदावर उतरवा. प्रत्येक 'तो', 'ते', 'तिथे', 'तसं', 'त्यामुळे' याला गोल करा आणि शेजारी नाव लिहा. कागद दुसऱ्या माणसाला द्या. त्याला नाव चटकन सांगता आलं नाही तो गोल लाल करा. तोच विषय दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला, लाल जागी नाम वापरून. 'त्यांनी तसं केल्यावर' ऐवजी 'मॅनेजरनी ऑर्डर रद्द केल्यावर'. नामं जास्त आली तर बोलणं जरा शाळकरी वाटेल, वाटू द्या.

मुलाखतीत उत्तर पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्यात, उदाहरण तिसऱ्यात, आणि थांबा. विषय बदलणार असाल तर आधी सांगा: 'हे थोडं वेगळं आहे, पण जोडलेलं आहे.' जोड सांगता येत नसेल तर ते वाक्य गिळा. आदल्या रात्री पुरती झोप घ्या. गांजा घेत असाल तर तो बंद करा. विस्कळीतपणाही वाढतो आणि तुमच्यासारख्या ठेवणीच्या माणसात खऱ्या आजाराचा धोकाही. एखाद्या मित्राला सांगून ठेवा की धागा सुटला तर त्यानं मध्येच फक्त 'कोण?' किंवा 'कुठलं?' एवढंच विचारायचं, 'कळत नाही' म्हणायचं नाही. पहिल्यावर उत्तर देता येतं, दुसऱ्यावर माणूस नुसता कावराबावरा होतो.